माहेर नसलेल्यांचे माहेर

बुऱ्हाणपूरच्या मराठी घराण्यांचा इतिहास सांगावयास बसले की आपण सहसा सनदा आणि सरदार यांच्यापासून आरंभ करतो. उदगीरच्या लढाईनंतर १७६० मध्ये हे शहर निजामाकडून पेशव्यांकडे आले, पुढे शिंद्यांच्या अंमलाखाली गेले आणि १८६० नंतर इंग्रजी निमाड जिल्ह्यात मोडू लागले, हे आपल्या घरांतील मुलांनाही ठाऊक असते. परंतु आपल्या वंशावळी उलगडल्या तर त्यांत पुत्रांची नावे सलग सापडतात, परत आलेल्या लेकी मात्र सापडत नाहीत. सासरचा मार सोसून किंवा वैधव्य पदरी घेऊन जी परतली, ती माजघरामागच्या खोलीत ‘आत्याबाई’ म्हणून आयुष्य कंठीत राहिली. वंशावळीत तिला स्थान नव्हते. निदान घरात तरी होते. जिला माहेरही उरले नव्हते, ती कोठे गेली? या प्रश्नाचा मागोवा घेण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

महाराष्ट्रात या प्रश्नाला पहिले ठोस उत्तर मिळाले ते १८६३ मध्ये, पुण्यात. अर्भकहत्येच्या आरोपावरून एका तरुण ब्राह्मण विधवेला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. तिला फसविणारा मात्र मोकळाच राहिला. या घटनेने व्यथित होऊन जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. विधवांनी गुप्तपणे यावे, बाळंत व्हावे, मूल न्यावे अथवा ठेवून जावे, अशी मुभा होती. जोतीरावांनी १८८४ मध्ये दिलेला हिशेब वाचताना आजही मन सुन्न होते. तोवर ३५ विधवा तेथे बाळंत झाल्या होत्या आणि त्यांची केवळ ५ मुले जगली होती. आश्रयाला येण्यापूर्वी गर्भपातासाठी घेतलेल्या विषारी औषधांनी बाकीच्यांचा घात केला होता. दार उघडे होते; पण त्या दारापर्यंत पोहोचण्याआधीच भीतीने आपले काम केलेले असे. तेथे आलेल्या एका विधवेच्या मुलाला फुले दांपत्याने दत्तक घेतले. तेच पुढे डॉक्टर झालेले यशवंत. प्रार्थना समाजाच्या मंडळींच्या पुढाकाराने १८७५ मध्ये पंढरपुरातही असेच गृह सुरू झाले.

दुसरे नाव पंडिता रमाबाईंचे. आई, वडील आणि बहीण अन्नावाचून गेल्यावर भावासह हजारो मैल पायी भटकलेल्या या विदुषीस बेघरपण म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलविले. सदनातील मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत आहेत, या आक्षेपावरून १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादातील दोन्ही बाजू आपल्या वाचकांस परिचित आहेत. आम्हांस एवढेच विचारावेसे वाटते की काढून नेलेल्या त्या मुलींचे पुढे काय झाले, हे त्या वेळी किती जणांनी विचारले?

याच कथेत आपले शहरही येते. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांत होरपळला, तेव्हा रमाबाई तेथे गेल्या. अन्नछत्रांत आणि मदतकेंद्रांत निराधार मुलींची केवळ उपासमारच नव्हे, तर विटंबनाही होत होती, हे त्यांनी पाहिले. सुमारे ३०० मुली व स्त्रियांना त्यांनी आश्रयास आणले. त्या काळी नर्मदेच्या खोऱ्यातून पुण्याकडे येणारा लोहमार्ग खंडवा, बुऱ्हाणपूर, भुसावळ असाच होता. त्या मुलींपैकी अनेकींची गाडी आपल्या लालबागच्या स्टेशनावरून गेली असली पाहिजे. आपल्या पूर्वजांपैकी कोणी त्या डब्यांकडे पाहिले असेल काय? केडगावच्या मुक्ती सदनात त्या विणकाम शिकल्या, छापखान्यात राबल्या, शेती करू लागल्या. मागांच्या आवाजात वाढलेल्या आम्हां बुऱ्हाणपूरकरांना, हाताला आलेले कसब माणसाला कसे उभे करते, हे वेगळे सांगावयास नको.

शारदा सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींतील गोदूबाई नातू यांच्याशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये पुनर्विवाह केला आणि १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाचे कार्य आरंभिले. धर्माविषयीचा आक्षेप ज्यांना होता, त्यांनाही आता मुलगी पाठविण्यास सबब उरली नाही. मध्य प्रांताच्या राजधानीत, नागपुरात, बालविधवा असलेल्या कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये मातृसेवा संघ स्थापिला. ज्यांनी स्वतः सोसले, त्यांच्याच हातून दुसऱ्यांसाठी घरे उभी राहिली, असे या इतिहासात वारंवार दिसते.

तथापि या सर्व संस्थांत एक गोष्ट समान होती. घर सोडायचे ते पीडितेने. मारणारा घरातच राहणार. हा न्याय बदलण्यास फार काळ लागला. पती व सासरच्यांची क्रूरता हा १९८३ मध्ये स्वतंत्र गुन्हा ठरला. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला आणि त्याने प्रथमच स्पष्ट सांगितले की, घर तिच्या नावावर असो वा नसो, सामायिक घरात राहण्याचा तिला हक्क आहे. मारहाणच नव्हे, तर अपमान, लैंगिक छळ आणि पैशाची कोंडी हीदेखील हिंसाच मानली गेली. आई, बहीण, लेक यांनाही हे संरक्षण आहे. मुलांच्या तात्पुरत्या ताब्याचा आदेशही न्यायालय देऊ शकते. २०१५ पासून सुरू झालेल्या ‘सखी’ केंद्रांत तात्पुरता निवारा, औषधोपचार आणि कायद्याचा सल्ला एकाच ठिकाणी मिळावा, अशी योजना आहे. १८१ हा दूरध्वनी क्रमांक त्यासाठीच आहे.

१८६३ च्या गुप्त दारापासून २००५ च्या उघड हक्कापर्यंतचा हा प्रवास १४२ वर्षांचा. परंतु कायदा दारापर्यंत येतो. दार आतून उघडावे लागते. लेक रात्री-अपरात्री मुलांना घेऊन परत आली, तर आपल्या सुसंस्कृत घरांत आजही पहिले वाक्य कोणते उच्चारले जाते? ‘जरा समजून घे, घराण्याचे नाव आहे,’ हेच ना? पस्तीसांतील तीस बालके ज्या भीतीने गेली, ती भीती याच वाक्यातून जन्मते.

म्हणून वाचकांस आमची विनंती आहे. आपापल्या घरातील त्या ‘आत्याबाईं’चे खरे नाव आठवावे, वडीलधाऱ्यांना विचारावे आणि वंशावळीत भावांच्या ओळीत लिहावे. ते नाव लिहिणाऱ्या घराला, पुढची लेक दारात उभी राहिली असता, काय बोलावे हे बहुधा शिकवावे लागणार नाही.