तळे कोणाच्या पैशाने?

वाशीम म्हणजे वाकाटकांची वत्सगुल्म नगरी, हे येथील श्रोत्यांना सांगावयास नको. जवळच हिस्से-बोराळ्यास देवसेन राजाच्या काळचा शिलालेख सापडला आहे. शके ३८० मध्ये, म्हणजे इ. स. ४५८ च्या सुमारास, त्याचा अधिकारी स्वामिल्लदेव याने तेथे तलाव बांधला व त्यास 'सुदर्शन' नाव दिले.

हे नाव गिरनारच्या मौर्यकालीन तलावाचे. त्याचा फुटलेला बांध इ. स. १५० च्या सुमारास रुद्रदामनाने पुन्हा घातला. प्रजेवर कर वा वेठ न लादता स्वतःच्या खजिन्यातून खर्च केला, असे त्याचा लेख अभिमानाने सांगतो. तरीही स्कंदगुप्ताच्या काळी बांध पुन्हा फुटलाच, आणि पुन्हा दुरुस्तीचा खर्च आला.

तात्पर्य, तळे एकदा बांधून भागत नाही. अठराव्या शतकात भवानी काळू यांनी वाशीमास देव तलाव बांधला. राजे गेले, दिवाण गेले. आता खजिना नगरपरिषदेचा, म्हणजे आपलाच. पावसाचे पाणी अडवून विहिरींना आधार देणारे तळे ही गावाची ठेव होय. म्हणून अंदाजपत्रकात गाळ आणि बांध यांची दरसालची रक्कम आपण आधी बाजूस काढावी. दिवे आणि कारंजी मागाहून.