तबकडीवर अक्षरं कोरणारे: सीडी राइट करणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरची कहाणी

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही जणांना हसू आलं असणार. सीडी राइट करणं हा काय इतिहासाचा विषय झाला? नव्या लॅपटॉपला तर सीडीचा ड्राइव्हच नसतो. पण एक काळ असा होता की मुक्त सॉफ्टवेअर माणसांपर्यंत पोचायचं ते तबकडीवर बसून. घरात फोनच्या तारेवरून येणारं इंटरनेट, त्यावरून सातशे एमबी उतरवायचे म्हणजे रात्रीच्या रात्री जायच्या. मग एकाने उतरवायचं आणि दहा जणांना राइट करून द्यायचं. तेव्हा तबकडी राइट करणारं साधन कोणाच्या ताब्यात आहे आणि कोणत्या परवान्याखाली, हा प्रश्न गंभीर होता. त्यावरून मोठं भांडणही झालं. आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

आधी इमेज म्हणजे काय ते स्पष्ट करून घेऊ, कारण इथे जाणत्यांचाही घोटाळा होतो. आमचाही झाला होता. पहिल्यांदा आयएसओ फाइल हातात आली तेव्हा ती आम्ही नेहमीच्या फाइलसारखी उचलून सीडीवर टाकली. संगणक काही त्या सीडीवरून सुरू होईना. उघडून बघतो तर आत एकच भलीमोठी फाइल! इमेज म्हणजे तबकडीवरच्या मजकुराची, पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंतची, जशीच्या तशी प्रत. ती तबकडीवर 'ठेवायची' नसते, तिची तबकडी 'करायची' असते.

हा सेक्टर आला कुठून? फिलिप्स आणि सोनी यांची सीडी १९८२ मध्ये बाजारात आली ती गाण्यांसाठी. एका सेकंदाचं गाणं ७५ तुकड्यांत विभागलेलं, प्रत्येक तुकडा २३५२ बाइटचा. गाण्यात एखादा बाइट चुकला तर कानाला कळत नाही, पण प्रोग्राममध्ये चुकला तर सगळंच मुसळ केरात. म्हणून डेटाच्या सीडीत त्या २३५२ पैकी २०४८ बाइटच मजकुराला दिले आणि उरलेली जागा मुख्यतः चुका पकडण्या-सुधारण्यासाठी ठेवली. ७४ मिनिटांच्या सीडीत ६५० एमबी मावतात ते या हिशोबाने. आणि '१एक्स' वेग म्हणजे सेकंदाला १५० केबी, तोही याच हिशोबाने. सगळं गाण्याच्या लयीत बांधलेलं.

आता या सेक्टरांत फाइली कशा मांडायच्या? सुरुवातीला प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. १९८५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत लेक टाहोच्या काठी हाय सिएरा नावाच्या हॉटेलात या कंपन्यांची माणसं बसली आणि एका मांडणीवर आली. तीच थोड्या फेरफाराने १९८८ मध्ये आयएसओ ९६६० हे आंतरराष्ट्रीय मानक झाली. आपण ज्याला 'आयएसओ फाइल' म्हणतो ते नाव या मानकावरून पडलं. मूळ मानक फार कडक होतं. सगळ्यात खालच्या पातळीवर फाइलचं नाव आठ अक्षरं, टिंब, तीन अक्षरं. अक्षरंही फक्त रोमन कॅपिटल, आकडे आणि खालची रेघ. मायक्रोसॉफ्टने पुढे जोलिएट नावाची जोड दिली, तेव्हा देवनागरीतलं नाव सीडीवर टिकायला लागलं, कमाल ६४ वर्णांपर्यंत. आणि तिथेही गंमत बघा. 'व्याख्यानमाला' हा शब्द आपल्याला पाच अक्षरांचा वाटतो; यंत्र काना, हलन्त वेगळे मोजतं आणि तेरा म्हणतं. युनिक्सवाल्यांनी आपली वेगळी जोड केली, तिचं नाव रॉक रिज. हे नाव मेल ब्रुक्सच्या 'ब्लेझिंग सॅडल्स' या विनोदी सिनेमातल्या गावाचं. मानकं लिहिणारी माणसं वाटतात तितकी रूक्ष नसतात.

अशी इमेज तयार करणारा मुक्त प्रोग्राम म्हणजे 'एमकेआयएसओएफएस'. तो एरिक यंगडेल यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लिहिला. इमेज तबकडीवर उतरवणारा प्रोग्राम 'सीडीरेकॉर्ड', तो १९९६ मध्ये आला, बर्लिनच्या योर्ग शिलिंग यांच्याकडून. पुढे एमकेआयएसओएफएसही शिलिंग यांच्याच हाती आला आणि सगळ्याचं मिळून 'सीडीआरटूल्स' झालं. परवाना जीपीएल. म्हणजे वापरा, वाचा, बदला, वाटा. मात्र वाटताना पुढच्यालाही हेच हक्क द्या. विंडोजवर तेव्हा निरो चालायचं, आणि आपल्याकडे ते बहुधा कुठून तरी आणलेल्या नंबरावर चालायचं. यावर जास्त बोलत नाही, समोर बसलेले समजून आहेत.

राइट करणं हे काम किती नाजूक होतं हे आज सांगूनही पटत नाही. लेझर एकदा सुरू झाला की त्याला थांबता येत नसे. तबकडी फिरत राहणार, डेटा वेळेवर आलाच पाहिजे. ड्राइव्हमध्ये जेमतेम ५१२ केबीचा साठा असला आणि वेग ४एक्स, म्हणजे सेकंदाला ६०० केबी, तर तो साठा एका सेकंदाच्या आत रिकामा! तेवढ्यात संगणक दुसऱ्या कामात गुंतला की तबकडी बाद. त्या काळात 'सीडी राइट होतेय, कोणी माउसला हात लावू नका' असं घराघरांत बजावलं जायचं. बाद झालेल्या तबकड्या मग शेतात दोरीला बांधल्या जायच्या, पाखरं उडवायला.

सीडीरेकॉर्डने यावर काय केलं? आपला स्वतःचा साठा ठेवला, साधारण चार एमबीचा. एक भाग डिस्कवरून वाचून तो भरत राहणार, दुसरा ड्राइव्हला देत राहणार. शिवाय ऑपरेटिंग सिस्टिमला सांगितलं की आमची मेमरी हलवायची नाही आणि आमचा नंबर सगळ्यांच्या आधी. पण युनिक्समध्ये अशी सवलत साध्या वापरकर्त्याला मिळत नाही, 'रूट'ला मिळते. म्हणून हा प्रोग्राम रूटच्या अधिकाराने चालवावा लागे. हे लक्षात ठेवा, पुढच्या भांडणाचं एक मूळ इथे आहे. २००० साली सान्योने बर्न-प्रूफ नावाची युक्ती आणली. डेटा संपला तर ड्राइव्ह थांबतो आणि सुटल्या जागेपासून पुन्हा सुरू करतो. सीडी बाद होणं त्यानंतर हळूहळू विरळ झालं.

शिलिंग सोलारिसचे भक्त. सीडीरेकॉर्डने अनेक ऑपरेटिंग सिस्टिमांवर एकसारखं चालावं हा त्यांचा आग्रह, म्हणून ड्राइव्हचा पत्ता ते तीन आकड्यांत मागत: बस, टार्गेट, लून. 'शून्य, शून्य, शून्य' असं काहीतरी. लिनक्सवाल्यांचं म्हणणं, आमच्याकडे ड्राइव्हला सरळ नाव आहे, ते द्या. लिनक्सच्या २.४ मालिकेत साध्या आयडीई ड्राइव्हला स्कझीचं सोंग घ्यायला लावावं लागे, २.६ मध्ये ते सोंग नको झालं, आणि लिनुस टोरवाल्ड्सही नावाच्या बाजूने उभे राहिले. शिलिंग यांचा प्रोग्राम मात्र तसं नाव दिलं की पडद्यावर तक्रार छापायचा. मग २००४ च्या ऑगस्टमध्ये २.६.८ आलं. त्यात सुरक्षेसाठी ड्राइव्हकडे जाणाऱ्या आज्ञांवर गाळणी बसवली आणि अनेकांचं राइटिंग एका रात्रीत बंद पडलं. शिलिंग यांच्या मते कर्नलवाल्यांनी आधीची व्यवस्था मोडली. कर्नलवाल्यांच्या मते कोणालाही ड्राइव्हला वाटेल ती आज्ञा देऊ देणं धोक्याचं होतं, कारण चुकीच्या आज्ञेने ड्राइव्ह कायमचा निकामी होऊ शकतो. आम्हाला विचाराल तर सुरक्षेचा मुद्दा खरा होता, पण ज्याची तबकडी अर्ध्यात अडकली त्याला दोन्ही पक्ष सारखेच परके वाटले असणार.

डीव्हीडीचं प्रकरण आणखी वेगळं. डीव्हीडी राइट करणारी शिलिंग यांची आवृत्ती बराच काळ बंद होती. 'प्रोडीव्हीडी' तिचं नाव, आणि ती चालवायला किल्ली लागायची. पोकळी पडली की कोणीतरी ती भरतंच. स्वीडनमधल्या अँडी पोल्याकोव्ह यांनी 'ग्रोआयएसओएफएस' लिहिलं. के३बी किंवा ब्रसेरोमध्ये बटण दाबणाऱ्याला पत्ता नसायचा की मागे खरं काम असा एखादा आज्ञावलीतला प्रोग्रामच करतोय.

आणि आलं २००६. मे महिन्यात शिलिंग यांनी सीडीआरटूल्सच्या बहुतेक भागाचा परवाना बदलून सीडीडीएल केला. हा सन मायक्रोसिस्टिम्सचा परवाना, ओपनसोलारिससाठी वापरलेला. तोही मुक्तच, त्याबद्दल वाद नाही. वाद होता मिसळण्याचा. एमकेआयएसओएफएस जीपीएलमध्येच राहिलं, कारण त्यात इतरांचं लेखन होतं. पण ते ज्या लायब्ऱ्यांना जोडलं जायचं आणि ज्या बिल्ड-स्क्रिप्टनी बांधलं जायचं, ते सीडीडीएलमध्ये गेलं. जीपीएल म्हणतो, पूर्ण सोर्समध्ये बांधणीच्या स्क्रिप्टही येतात. डेबियनच्या लोकांनी त्याचा अर्थ असा लावला की मग त्या स्क्रिप्टही जीपीएलशी जुळणाऱ्या परवान्यात हव्यात, नाहीतर बांधलेला प्रोग्राम आम्हाला वाटता येणार नाही. शिलिंग म्हणाले, स्क्रिप्ट द्यायच्या एवढंच बंधन आहे, जीपीएलमध्येच द्या असं कुठे लिहिलंय? आणि स्वतंत्र लायब्ररी ही स्वतंत्र कृती आहे. हा मुद्दा अगदीच हवेतला नव्हता. पण डेबियन फुकट काम करणाऱ्यांचा प्रकल्प, आणि त्याच्या प्रती जगभरचे आरसे वाटतात. शंका असताना वाटणं त्यांना परवडणारं नव्हतं.

सप्टेंबर २००६ मध्ये डेबियनने फाटा फोडला. शेवटची जीपीएल आवृत्ती घेतली आणि 'सीडीआरकिट' नाव दिलं. सीडीरेकॉर्डचा झाला 'वोडिम', एमकेआयएसओएफएसचा 'जेनआयएसओइमेज'. नावं बदलली खरी, पण जुन्या नावाने हाक मारली तरी वोडिमच उठून यायचा, तशी जोडणी ठेवली होती. शिलिंग यांना सगळ्यात झोंबलं ते हे. चुका वोडिमच्या आणि जाब मूळ लेखकाला. सीडीआरकिट वाटणंच बेकायदा आहे असं ते पुढे जाहीरपणे सांगत राहिले.

निकाल काय लागला? फाट्याचा पायाच डळमळीत निघाला. परवान्यासाठी भांडायला माणसं होती, ड्राइव्हच्या खोडी समजून घेऊन वर्षानुवर्षं कोड सांभाळायला नव्हती. २०१० नंतर सीडीआरकिटची नवी आवृत्ती आली नाही. ब्लू-रे तर त्याला नीट जमलंच नाही. तिकडे शिलिंग एकहाती आपलं काम सुधारत राहिले. पण लिनक्सच्या अनेक मोठ्या वितरणांत ते लोकांपर्यंत पोचेना. आम्हाला या प्रकरणात कोणी खलनायक दिसत नाही. एक माणूस आपल्या कामावरचा हक्क सोडायला तयार नव्हता, आणि समोरच्यांना दुसऱ्याच्या मर्जीवर चालणारं साधन नको होतं. आणि दोघांच्या हातात मुक्त परवानाच होता! १० ऑक्टोबर २०२१ रोजी शिलिंग वारले. त्यांचं काम काही स्वयंसेवकांनी पुढे चालू ठेवलं आहे.

मधल्या काळात तिसऱ्याच वाटेने काम पुढे गेलं. 'लिबबर्न' ही लायब्ररी सीडीआरटूल्सचा कोड न घेता, मानकं वाचून, शून्यापासून लिहिलेली. थॉमस श्मिट यांनी ती वर्षानुवर्षं जोपासली, आणि तिच्यावर उभं राहिलेलं 'झोरिसो' आज डेबियनच्या अधिकृत इमेज बांधतं. तिथे फारसा आरडाओरडा झाला नाही, म्हणून इतिहासात त्याबद्दल बोलायलाही कमी.

हे सगळं कशासाठी चाललं होतं, तेही बघा. २००० मध्ये क्लाउस क्नॉपर यांचं क्नॉपिक्स आलं. साधारण दोन जीबीची प्रणाली दाबून एका सीडीत बसवलेली. सीडी घाला आणि हार्डडिस्कला हात न लावता लिनक्स चालू. २००५ पासून २०११ पर्यंत उबुंटूवाले मागेल त्याला सीडी टपालाने पाठवत, टपालखर्चही त्यांचाच. आपल्याकडेही ती पाकिटं आली. पण पाकीट यायला आठवडे लागत. शेजारच्याने राइट करून दिलेली तबकडी त्याच संध्याकाळी मिळायची.

आता तबकडी गेली, इमेज राहिली. आयएसओ ९६६० ने पहिले सोळा सेक्टर, म्हणजे ३२ केबी, रिकामे सोडले होते. सिसलिनक्सवाल्यांनी त्या मोकळ्या जागेत हार्डडिस्कसारखं सुरुवातीचं पान लिहायची युक्ती काढली, 'आयसोहायब्रिड' म्हणतात तिला. त्यामुळे तीच फाइल सीडीवर उतरवली तरी चालते आणि पेनड्राइव्हवर जशीच्या तशी ओतली तरी चालते. आज तुम्ही लिनक्सची जी आयएसओ उतरवता, तिच्या पोटात १९८५ च्या त्या हॉटेलातली मांडणी आहे.

आणि उलटा प्रवासही करावा लागणार आहे. घरी राइट केलेल्या सीडीत रंगद्रव्याचा थर असतो, तो उन्हाने आणि काळाने विटतो. लग्नाचे फोटो, आजीचा आवाज, एखाद्या संस्थेची जुनी कागदपत्रं अशा तबकड्यांवर अडकली आहेत. त्यांची इमेज आत्ताच काढून ठेवायला हवी. त्यासाठी 'जीएनयू डीडीरेस्क्यू' चांगलं. ते आधी सहज वाचता येणारे सेक्टर उचलतं, अडलेल्यांची नोंद एका फाइलीत ठेवतं आणि मग फक्त त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा जातं. एका ड्राइव्हला जमलं नाही तर तीच नोंद घेऊन दुसऱ्या ड्राइव्हवर काम पुढे चालू करता येतं.

ज्यांनी सांगितल्याप्रमाणे जुन्या सीडी आणल्या आहेत त्यांनी पुढे या. इथे दोन ड्राइव्ह जोडून ठेवले आहेत. तबकडी कडेनेच धरा, आणि पुसायची असेल तर आतून बाहेर सरळ पुसा, गोल गोल नको.