हिशेबतपासनिसाची नेमणूक : एकलहरे वीजकेंद्राच्या निमित्ताने

पेशवाईत मामलेदाराच्या हाताखाली फडणीस, मजुमदार आदी दरकदार असत. परंतु त्यांस दूर करण्याचा अधिकार मामलेदारास नव्हता. हिशेब लिहिणारा व पाहणारा वसूल करणाऱ्याच्या मर्जीवर नसावा, हे तत्त्व या व्यवस्थेत गृहीत होते. कंपनी-कायद्याने मात्र ते फार सावकाश स्वीकारले.

१९१३ च्या कायद्याने कंपन्यांना वार्षिक हिशेबतपासणी सक्तीची केली. तथापि सरकारी प्रमाणपत्र असलेल्या तपासनिसाची अट सार्वजनिक कंपन्यांपुरतीच होती. खाजगी कंपनीस ती नव्हती. १९४९ मध्ये सनदी लेखापालांचा कायदा झाला आणि १९५६ च्या कंपनी-कायद्याने पात्रतेची अट खाजगी कंपन्यांनाही लागू केली. पात्रता आली, नेमणूक मात्र भागधारकांच्याच हाती राहिली. जेथे भागधारक व संचालक एकाच घरातील असतात, तेथे ज्याचे हिशेब तपासावयाचे तोच तपासनीस निवडतो, असे म्हणावे लागते.

नाशिकजवळील एकलहरे येथे याहून निराळा प्रकार दिसतो. तेथील औष्णिक केंद्राचा पहिला संच १९७० मध्ये सुरू झाला, तेव्हा ते महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाकडे होते. मंडळाच्या हिशेबांची तपासणी १९४८ च्या वीजपुरवठा कायद्यानुसार भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांकडे असे. जून २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन केंद्र महानिर्मिती कंपनीकडे गेले. बाह्य रूप कंपनीचे झाले, मालकी राज्याचीच राहिली. म्हणून सनदी लेखापालांची नेमणूक महालेखापरीक्षक करू लागले, आणि त्यांच्या अहवालावर पूरक तपासणीचा अधिकारही त्यांनी राखला. संचालकांस आपला तपासनीस निवडता येत नाही, ही यातील मुख्य गोष्ट होय.

२०१३ च्या कायद्याने खाजगी कंपन्यांच्या बाबतीत काही पावले टाकली. मुदतीपूर्वी तपासनिसास काढावयाचे तर विशेष ठरावाबरोबर केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. तपासनिसाने त्याच कंपनीची हिशेबलेखनाची कामे घेऊ नयेत असे बंधन आले. ठरावीक काळाने तपासनीस बदलण्याचा नियम मात्र मोठ्या खाजगी कंपन्यांपुरताच आहे. भरणा झालेल्या भांडवलाची मर्यादा प्रथम २० कोटी रुपये होती, ती २०१७ मध्ये ५० कोटींवर नेली. सार्वजनिक कर्ज वा ठेवी ५० कोटींच्या असल्यासही नियम लागू होतो. त्याखालच्या कंपनीत एकच तपासनीस पिढ्यान्‌पिढ्या राहू शकतो. हा दीर्घ परिचय तपासणीस कधी उपकारक होतो, हे नाकारता येत नाही. धंद्याच्या खाचाखोचा नवख्यास लवकर उमगत नाहीत. पण प्रतिकूल शेरा लिहिण्याची वेळ येते तेव्हा हाच परिचय आड येतो.

सरकारी कंपनीतही एक दुवा तुटलेला नाही. नेमणूक महालेखापरीक्षकांची असली, तरी तपासनिसाचा मेहनताना ठरविण्याचा अधिकार कायद्याने कंपनीच्या सर्वसाधारण सभेकडेच ठेवला आहे.