दगडी घर आणि लोकरीचा धागा

एखादे गाव कशावर उभे आहे असे कोणी विचारले, तर आपण पायाचा दगड दाखवतो. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यातील चिपिंग कॅम्पडन या गावाबद्दल मात्र निराळे उत्तर द्यावे लागते. ते गाव लोकरीवर उभे आहे. कॉट्सवोल्ड टेकड्यांवर चरणाऱ्या मेंढ्यांची लोकर मध्ययुगात परदेशी जाई आणि तिच्या पैशांतून इथल्या मधाळ रंगाच्या चुनखडकाची घरे आणि देवालये उठत. १४०१ मध्ये मरण पावलेल्या विल्यम ग्रेव्हेल नावाच्या व्यापाऱ्याला त्याच्या थडग्यावरील पितळी पत्र्यात साऱ्या इंग्लंडच्या लोकरव्यापाऱ्यांचे पुष्प म्हटले आहे. पुढे व्यापार गेला, घरे राहिली. बाजार आटला की जुने घर पाडून नवे बांधायला पैसा उरत नाही. या दारिद्र्यानेच कॅम्पडन जसेच्या तसे जपून ठेवले, असे म्हटले तरी चालेल.

याच कॅम्पडनला लागून ब्रॉड कॅम्पडन नावाची छोटी वाडी आहे. तेथे बाराव्या शतकातील नॉर्मन धाटणीचे एक प्रार्थनामंदिर होते. पुढच्या शतकांत त्याचे राहते घर झाले आणि अखेर ते ओसाड पडले. १९०५ ते १९०७ या काळात ते पुन्हा उभे राहिले. उभे करणारे वास्तुशिल्पी होते सी. आर. अॅशबी, आणि ज्यांच्यासाठी उभे केले ते होते आनंद कुमारस्वामी व त्यांची पत्नी एथेल.

आनंद कुमारस्वामींची ओळख भारतीय श्रोत्यांना करून द्यायला नको. कोलंबोत जन्मलेल्या, तमिळ पित्याच्या आणि इंग्रज मातेच्या या पुत्राने भारतीय कलेकडे पाहण्याची दृष्टीच आपल्याला दिली. पण मला आज सांगायचे आहे ते एथेलबाईंविषयी. त्या डेव्हनमधील बार्नस्टेपलच्या एका औषधविक्रेत्याच्या कन्या. शिक्षण पियानोवादनाचे. १९०२ मध्ये विवाह झाला आणि पती सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, खनिज-सर्वेक्षणाच्या कामाला लागले, तेव्हा त्या बरोबर गेल्या. खडक तपासता तपासता कुमारस्वामींचे लक्ष कारागिरांकडे वळले. लोहार, सोनार, कोष्टी, रंगारी यांची विद्या आयात मालापुढे विझत चालली होती. पती टिपणे करीत, पत्नी छायाचित्रे घेई. बेलबुट्टीचे आणि विणीचे नमुने तिने मन लावून पाहिले. पण पाहणे ते पाहणेच.

अॅशबींनी १८८८ मध्ये लंडनच्या पूर्व भागात हस्तव्यवसायींचा एक संघ काढला होता आणि १९०२ मध्ये तो कॅम्पडनला आणला. मेंढीबाजाराच्या रस्त्यावरील जुन्या रेशीम-गिरणीत त्याचे कारखाने थाटले. एथेलबाईंचा धाकटा भाऊ फ्रेड त्या संघात दागिने घडवीत असे. ही ओळख त्या पडक्या मंदिरापर्यंत पोहोचली.

जुनी इमारत दुरुस्त करावी कशी, हा त्या वेळी इंग्लंडात भांडणाचा विषय होता. एक पक्ष म्हणे, भिंती खरवडून, कमानी नव्याने कोरून इमारत जन्मली त्या दिवशीसारखी करावी. विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये या खोटेपणाविरुद्ध एक संस्थाच स्थापन केली. त्यांचे म्हणणे असे की काळाने केलेले फेरफार हाही इमारतीचा इतिहास आहे. गळती थांबवा, भिंत सावरा, पण जुन्याचे सोंग आणू नका. अॅशबी मॉरिसच्या परंपरेतले. त्यांनी नॉर्मन कमान राखली, नंतरच्या शतकांची भर राखली, आणि राहण्यासाठी जे नवे लागले ते जोडले. आपल्याकडे वाड्यांच्या आणि देवळांच्या दगडावर तैलरंग चढवणाऱ्यांनी हे घर एकदा पाहून यावे, असे मला वाटते.

या घरात छापखाना आला. मॉरिसने ज्या यंत्रावर चॉसरचा प्रसिद्ध ग्रंथ छापला, त्याच यंत्रावर सप्टेंबर १९०७ ते डिसेंबर १९०८ या काळात कुमारस्वामींचा मध्ययुगीन सिंहली कलेवरील ग्रंथ छापला गेला. प्रती अवघ्या ४२५. ग्रंथ थोर आहे यात शंका नाही. पण कारागीर कसे काम करतो हे लिहिणे निराळे आणि त्याचे काम करणे निराळे. १९०९ च्या सुमारास एथेलबाईंनी हा उंबरठा ओलांडला. त्या कातायला, रंगवायला आणि विणायला शिकू लागल्या. वयाची सदतीस वर्षे उलटली होती. लेक डिस्ट्रिक्ट भागात जाऊन त्यांनी ही विद्या मिळवली. लोकर पिंजावी, चातीवर कातावी, लड करावी. ताणा लावावा, धोटा फेकावा. धागा कमीजास्त पिळाचा निघाला तर कापडही तसेच बोलते, हे कोणत्याही ग्रंथाने त्यांना सांगितले नसते.

रंगात तर त्यांचे मन विशेष रमले. मंजिष्ठाचा तांबडा, आक्रोडाच्या सालीचा तपकिरी, दगडफुलाचे मातकट रंग. मंजिष्ठासारख्या रंगासाठी लोकर आधी तुरटीच्या पाण्यात उकळावी लागते, नाही तर रंग नीट धरत नाही. निळीची तऱ्हा आणखी वेगळी: पिपातून काढलेली लड पिवळसर हिरवी दिसते आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळी होत जाते. कोळशाच्या डांबरापासून केलेले रंग १८५६ नंतर बाजारात आले आणि पुढच्या अर्धशतकात ही विद्या घराघरांतून निघून गेली. एथेलबाईंनी ती गोळा करून १९१६ मध्ये वनस्पतिजन्य रंगांवर एक लहानसे पुस्तक लिहिले.

इथे एक योगायोग नोंदवावासा वाटतो. त्याच १९०९ मध्ये गांधीजींनी ‘हिंद स्वराज’ लिहिले. तोवर आपण माग किंवा चरखा पाहिल्याचे आठवत नाही, असे त्यांनी पुढे आत्मकथेत मोकळेपणाने कबूल केले आहे. आश्रमात माग आले, पण सूत कातणार कोण? तेव्हा गंगाबेन मजमुदार यांनी बडोदे संस्थानातील विजापूर येथे चरखे शोधून काढले. लोकांनी ते निरुपयोगी म्हणून माळ्यावर टाकले होते. चरख्याच्या देशात चरखा असा शोधावा लागला.

ब्रॉड कॅम्पडनच्या त्या घरात कुमारस्वामी दांपत्य फार काळ राहिले नाही. संसार मोडला, त्याच्या तपशिलात शिरण्याचे कारण नाही. अॅशबींचा संघही १९०७-०८ मध्ये आर्थिक अडचणींनी बुडाला होता. कुमारस्वामी पुढे १९१७ मध्ये बोस्टनच्या संग्रहालयात गेले. एथेलबाईंनी १९१३ मध्ये फिलिप मेरे यांच्याशी विवाह केला आणि काही वर्षांनी ससेक्स परगण्यातील डिचलिंग गावी बिऱ्हाड हलवले. घर बदलले, माग सुटला नाही. तेथे त्यांची कर्मशाळा होती आणि मुली येऊन शिकत. ब्रिटनमध्ये उद्योगकलेतील रचनाकारांना दिला जाणारा रॉयल डिझायनर हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. १९५२ मध्ये त्या वारल्या.

ग्रंथालयांत कुमारस्वामींचे खंड सापडतात. एथेलबाईंचे नाव मात्र त्यांत छायाचित्रांच्या श्रेयापुरते. त्यांची कापडे पाहायची तर डिचलिंगच्या संग्रहालयात जावे लागते. ते संग्रहालय १९८५ मध्ये दोघी बहिणींनी स्थापन केले. त्यांपैकी हिलरी बोर्न या एथेलबाईंच्याच हाताखाली विणकाम शिकल्या होत्या.