दानाच्या अटी

'धर्मादाय' हा शब्द आपल्याकडे जुना आहे. व्यापाऱ्याच्या पेढीवर मालाच्या सौद्यामागें कांहीं पैसे धर्मादाय म्हणून निराळे काढण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं होती, आणि त्या पैशांतून पाणपोई, धर्मशाळा, दवाखाना अशीं कामें होत. देणाऱ्याची लाज हीच त्यावरची मुख्य देखरेख. आज तोच शब्द कायद्याच्या कलमांत, आयुक्तांच्या कचेरीवर आणि शहरांतील टोलेजंग रुग्णालयांच्या पाट्यांवर आढळतो. लाजेचें कलम कसें झालें, आणि त्या कलमांतून हिंगोली जिल्ह्यांतील आखाडा बाळापुरासारख्या गांवच्या रोग्याच्या पदरांत काय पडलें, हें पाहण्याचें येथें योजिलें आहे.

मुंबईंतील मोठ्या रुग्णालयांचा इतिहास सरकार आणि सावकार यांच्या भागीदारीचा आहे. १८३८ सालीं जमशेटजी जीजीभाई यांनीं रुग्णालयासाठीं एक लक्ष रुपये देऊं केले व सरकारनें तितकीच भर घालण्याचें मान्य केलें. १८४३ च्या जानेवारींत पायाचा दगड बसला, १८४५ च्या मे महिन्यांत रुग्णालय उघडलें, आणि त्याला जोडूनच ग्रँट वैद्यक महाविद्यालय उभें राहिलें. जमशेटजींची संपत्ति चीनच्या व्यापारांतून, त्यांतही अफूच्या व्यापारांतून, आलेली होती. दानाच्या पैशाचें गोत्र विचारूं नये असा आपल्याकडे संकेत आहे. परंतु इतिहास लिहिणारास तो पाळतां येत नाहीं.

पुढें ऐंशी वर्षांनीं परळला के. ई. एम. रुग्णालय व त्याला जोडून गोवर्धनदास सुंदरदास वैद्यक महाविद्यालय सुरू झालें, तेव्हां दात्याचा आवाज अधिक करडा झाला होता. ग्रँट महाविद्यालयांतील मानाच्या जागा सरकारी वैद्यकसेवेंतील अधिकाऱ्यांकडे जात. म्हणून सेठ गोवर्धनदासांच्या विश्वस्तांनीं पैसा देतांनाच अट घातली, कीं येथें सरकारी नोकरींत नसलेले भारतीय डॉक्टरच शिकवतील. १९२६ च्या सुमारास ती अट अमलांत आली. येथें दाता सत्तेवर अट घालीत होता, आणि सत्ता ती मान्य करीत होती.

स्वातंत्र्यानंतर हें नातें उलटलें. १९४९ सालीं शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा व १९५० सालीं सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थांचा असे दोन कायदे मुंबई राज्यांत झाले. सरकार स्वतःच आतां दाता बनलें होतें: अल्प दरानें जमीन, करांत सूट, बांधकामाच्या नियमांत सवलत, हें सर्व रुग्णालयांस मिळूं लागलें. घेणारा अर्थातच अट विसरूं लागला. १९८८ सालीं केंद्र सरकारनें परदेशी यंत्रांवरील जकात माफ केली, ती या अटीवर कीं चाळीस टक्के बाह्यरुग्ण फुकट तपासावे व दहा टक्के खाटा महिना पांचशें रुपयांहून कमी मिळकतीच्या कुटुंबांसाठीं ठेवाव्या. यंत्रें आलीं, अटीचें विस्मरण पुष्कळ ठिकाणीं झालें. ही जबाबदारी एकदा दाखला मिळाल्यानें संपत नाहीं, ती अखंड चालते, असें अखेर सर्वोच्च न्यायालयास मेडिवेल रुग्णालयाच्या खटल्यांत बजावावें लागलें.

महाराष्ट्रांतही हेंच घडलें. १९८५ सालीं विश्वस्तव्यवस्थेच्या कायद्यांत ४१ अअ हें कलम घालण्यांत आलें. सरकारी साह्य वा सवलत घेणाऱ्या व वर्षास पांच लाखांवर खर्च असणाऱ्या धर्मादाय रुग्णालयानें दहा टक्के खाटा निर्धनांस फुकट व दहा टक्के दुर्बलांस सवलतीनें द्याव्या, असा त्याचा आशय. वीस वर्षें कलम पुस्तकांत राहिलें. मग लोकहिताची याचिका झाली व मुंबई उच्च न्यायालयानें ठरविलेली योजना १ सप्टेंबर २००६ पासून लागू झाली. प्रत्येक रुग्णालयानें आपल्या एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधींत टाकावी, आणि तातडीच्या प्रसंगीं अनामत न मागतां रोग्यास दाखल करून घ्यावें, हीं तिचीं मुख्य सूत्रें. उत्पन्नाच्या मर्यादा वाढत वाढत निर्धनांसाठीं १,८०,००० व दुर्बलांसाठीं ३,६०,००० रुपयांवर आल्या. तरीही २०२५ च्या मार्चअखेर पुण्यांत एका गर्भवतीच्या मृत्यूनंतर अनामतीच्या मागणीचा आरोप झाला व राज्यभर खळबळ उडाली. एकोणीस वर्षांच्या योजनेला हा आरोपच पुरेसा लाजिरवाणा आहे.

येथें एक गोष्ट बारकाईनें पाहिली पाहिजे. निधि बिलांतून जन्मतो. म्हणजे जेथें श्रीमंत आजारी पडतात, तेथेंच गरिबांसाठीं पैसा सांचतो. आखाडा बाळापूर कळमनुरी तालुक्यांत, नांदेड-हिंगोली मार्गावर आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा. १९५६ सालीं तो मुंबई राज्यांत आला. १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्याखालीं होता. मुंबईचे कायदे येथें उशिरां पोंचले, आणि त्या कायद्यांस लागणारीं रुग्णालयें त्याहून कमी. परिसरांत हळद पिकते, तिचा व्यापारही मोठा आहे. परंतु कोट्यवधींचीं बिलें करणारें रुग्णालय हळदीवर उभें राहत नाहीं.

२०१३ च्या कंपनी कायद्यानें उणीव भरून निघेल अशी कित्येकांची समजूत होती. ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा, यांपैकीं एक असणाऱ्या कंपनीनें मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे, आणि त्यांत आरोग्याचीं कामेंही येतात. पण त्याच कलमांत कंपनीनें आपल्या कारभाराच्या परिसरास प्राधान्य द्यावें असें म्हटलें आहे. वाक्य निरुपद्रवी दिसतें. त्याचा परिणाम असा कीं जेथें कारखाने आहेत तेथें पैसा फिरतो, आणि जेथून माणसें कारखान्याकडे जातात तेथें तो क्वचित् येतो. प्राधान्य म्हणजे सक्ती नव्हे, असें कोणी म्हणेल. तें खरें आहे, पण संचालकास सोयीचें वाक्य मिळालें कीं तो त्याचाच आधार घेतो.

म्हणून बाळापूरच्या रोग्यास उरतें तें सरकारच. गांवच्या ग्रामीण रुग्णालयांत निभाव लागला नाहीं कीं नांदेडचें शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. परभणी-हिंगोलीचा भारही त्याच्यावर पडतो. २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सांध्यावर तेथें चोवीस तासांत चोवीस रोगी दगावले, त्यांत बारा नवजात अर्भकें होतीं. औषधांच्या व माणसांच्या तुटीची चर्चा झाली, प्रशासनानें औषधांची तूट नाकारली, आणि उच्च न्यायालयानें आपण होऊन दखल घेतली. खाजगी रुग्णालयास कायद्यानें बांधणारें सरकार आपल्या रुग्णालयास कोणत्या कायद्यानें बांधून घेतें, हा प्रश्न त्या दिवसांत कोणी फारसा विचारला नाहीं. माझ्या मतें तोच पहिला प्रश्न होता.

२०२४ सालीं हिंगोलीस शंभर विद्यार्थ्यांचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. पहिल्या तुकडीस डॉक्टर होऊन बाहेर पडण्यास पांच-सहा वर्षें लागतील. तोंवर बाळापूरच्या अवघड रोग्याची गाडी नांदेडकडेच वळणार, आणि तेथेंही न जमल्यास कळमनुरीच्या तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला खिशांत घालून पुण्या-मुंबईकडे.