भार कोणाच्या माथी?

राज्यकारभाराचे अर्थशास्त्र विद्यापीठात शिकून कष्टकऱ्याच्या पदरात काय पडते, असा प्रश्न आम्हां कामगार चळवळीतील मंडळींना वारंवार विचारला जातो. विद्यापीठाची पायरीही न चढलेल्या आमच्यासारख्याने त्याचे उत्तर द्यावे, हे कित्येकांना नवल वाटेल. परंतु हे उत्तर इतिहासानेच देऊन ठेवलेले आहे.

१९१३ साली बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांना एडविन सेलिग्मन हे गुरू लाभले. सेलिग्मन यांचा गाजलेला ग्रंथ एकाच प्रश्नाभोवती फिरतो : कर भरणारा आणि कर सोसणारा हे एकच असतात काय? व्यापारी सरकारात कर भरतो, पण तोच मालाच्या किमतीत घालून गिऱ्हाइकाकडून वसूल करतो. म्हणून कायद्यात नाव कोणाचे आहे, एवढे पाहून भागत नाही. भार अखेर कोणाच्या माथी येतो, हे हुडकावे लागते.

हीच कसोटी आंबेडकरांनी पुढे इंग्रजी राज्याला लावली. १८३३ पासूनच्या प्रांतिक आयव्ययाचा त्यांचा ग्रंथ १९२५ साली निघाला, त्याला प्रस्तावना सेलिग्मन यांचीच. जमीनसाऱ्याने शेती कशी खुंटली आणि जकातींनी उद्योग कसे अडले, हे त्यात सरकारी हिशेबांवरूनच दाखविलेले आहे.

लंडनचे शिक्षण १९१७ साली शिष्यवृत्ती संपल्यामुळे अर्धवट राहिले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला. प्रस्तावना लिहिणारे प्राध्यापक कॅनन त्यांच्या बहुतेक मतांशी सहमत नव्हते आणि तसे त्यांनी तेथेच लिहिले. तरीही विचारांतील ताजेपणाची वाखाणणी केली. विरोधी मताचा असा सन्मान, हीही विद्यापीठाची एक शिकवण होय.

आता त्या प्रबंधातील आमच्या जिव्हाळ्याचा मुद्दा पाहा. रुपयाचा हुंडणावळीचा दर उतरला की निर्यात करणाऱ्यास फायदा होतो. त्या काळी मुंबईच्या गिरणीमालकांना रुपया दीड शिलिंगाऐवजी एक शिलिंग चार पेन्सचा हवा होता आणि ते त्यास राष्ट्रहित म्हणत. आंबेडकरांनी विचारले, हा फायदा येतो कोठून? वस्तूंच्या किमती लगोलग वाढतात, मजुरी मात्र मागे रेंगाळते. मधली तूट मजुराच्या ताटातून जाते, तोच मालकाचा नफा. महागाई भत्त्याची बोलणी ज्यांनी केली आहेत, त्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको.

ही विद्या पुस्तकातच राहिली नाही. १९३७ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. १९३८ च्या ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध कामगारांचा एक दिवसाचा संप झाला, त्याच्या अग्रभागी ते होते. १९४२ पासून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे आले. त्यांनी मांडलेल्या दुरुस्तीने १९४६ साली बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ झाले.

कोणी म्हणेल, असा पुरुष शतकात एखादाच. खरे आहे, परंतु त्यांनी विचारलेला प्रश्न कोणालाही विचारता येतो. सरकार अंदाजपत्रक मांडते, मालक ताळेबंद पुढे करतो, दोघांपाशी शिकलेले अर्थशास्त्री असतात. आमच्या बाजूला केवळ घोषणा असतील, तर संप जिंकूनही आम्ही हिशेबात हरतो. म्हणून कामगारांच्या मुलामुलींनी ही विद्या घ्यावी, आणि ती घेताना प्रत्येक आकड्याला विचारावे : बाबा रे, तुझा भार कोणाच्या माथी?