वाळू तीच, गिऱ्हाईक बदलत गेले

वीज पोहोचण्याआधी महाराष्ट्रातल्या खेड्यांत लग्नाची वरात, तमाशाचा फड आणि रात्रीचे कीर्तन ज्या पांढऱ्या उजेडात रंगत असे, तो पेट्रोमॅक्स बत्तीचा उजेड बहुधा समुद्राच्या वाळूतून आलेला असे. बत्तीतली नाजूक जाळी म्हणजे सुती कापड नव्हे. थोरियमच्या क्षारात बुडवलेले कापड पहिल्यांदा पेटवले की धागा जळून जातो आणि मागे थोरियम ऑक्साइडचा सांगाडा उरतो. त्यात शंभरात एक भाग सेरियम असला की तो सांगाडा ज्योतीत झळाळतो. व्हिएन्नाचा रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख याने हे प्रमाण १८९१ मध्ये पक्के केले आणि युरोपातली शहरे या जाळ्यांनी उजळली. जाळीसाठी थोरियम हवे, थोरियमसाठी मोनाझाइट नावाचे पिवळसर-तपकिरी खनिज हवे, आणि ते तेव्हा प्रामुख्याने ब्राझीलच्या किनाऱ्यावरून येई. १९०९ च्या सुमारास शॉम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत हेच खनिज आढळले. काथ्याचा माग काढत तो मणवालकुरिचीला पोहोचला आणि पुढच्या एक-दोन वर्षांत तिथे वाळू धुण्याचा कारखाना उभा राहिला. पुढे कोल्लमजवळच्या चवऱ्यालाही तोच उद्योग सुरू झाला.

मोनाझाइटमध्ये थोरियमखेरीज लँथॅनम, सेरियम, प्रेझोडिमियम, निओडिमियम अशी मूलद्रव्यांची एक मालिका असते. तिला आपण ‘दुर्मीळ मृदा’ म्हणतो. हे नाव दोन्ही अंगांनी फसवे आहे. ‘मृदा’ हा जुन्या रसायनशास्त्रज्ञांचा ऑक्साइडसाठीचा शब्द, त्याचा शेतातल्या मातीशी संबंध नाही. आणि पृथ्वीच्या कवचात सेरियम जवळपास तांब्याइतकेच आहे. दुर्मीळ आहे ते त्यांना एकमेकांपासून सोडवण्याचे कसब. ही भावंडे रासायनिक वागणुकीत इतकी सारखी आहेत की निसर्ग त्यांना एकत्र देतो आणि माणसाने एक मागितले तरी सगळी घ्यावी लागतात. या धंद्याचे सगळे अर्थकारण या एका गोष्टीभोवती फिरते. आउअरला थोरियम हवे होते, पण त्याच्या कारखान्यात सेरियम आणि लँथॅनमचे ढीग साचू लागले. त्याने त्या उरलेल्या धातूंत लोखंड मिसळून ठिणगी देणारा मिश्रधातू बनवला आणि १९०३ मध्ये त्याचे पेटंट घेतले. सिगारेट लायटरमधला ‘दगड’ तो हाच. जाळीच्या उकिरड्यातून दुसरा धंदा उभा राहिला. खाणीपासून वस्तूपर्यंतची अखंड साखळी कशी बांधतात याचा हा पहिला धडा होता, आणि भारताच्या दुर्मीळ मृदांचा शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास नेमका हाच धडा अर्धवट राहिल्याचा इतिहास आहे, असे मला वाटते. आपल्याकडे वाळू होती, शास्त्रज्ञ होते, कारखानाही लवकर आला. साखळीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून हे सगळे ओढून घेणारे गिऱ्हाईक मात्र आपल्या दारात कधीच तयार झाले नाही.

पहिल्या महायुद्धात जर्मन माणूस आणि जर्मन भांडवल बाजूला सारले गेले आणि धंदा लंडनच्या कंपन्यांच्या हाती गेला. त्रावणकोरची वाळू जहाजात भरून जाई आणि तिचे रसायन परदेशात होई. पुढे विजेच्या दिव्याने गॅसची जाळी मागे टाकली, तशी मोनाझाइटची ओढ आटली. तेवढ्यात इल्मेनाइट या काळ्या दाण्याला भाव आला, कारण त्यातून टायटॅनियमचा पांढरा रंग बनतो. १९२० नंतरच्या दशकांत याच किनाऱ्यावर तेच लोक तीच वाळू धुवत होते, पण जे कालपर्यंत माल होते ते आता गाळ झाले आणि जो कालचा गाळ तो माल झाला. खनिजाची किंमत जमिनीत ठरत नाही, ती विकत घेणाऱ्याच्या गरजेत ठरते, याचे इतके स्वच्छ उदाहरण खाणींच्या इतिहासात क्वचित सापडेल.

हिरोशिमानंतर गिऱ्हाईक पुन्हा बदलले. थोरियमपासून अणुइंधन मिळू शकते हे कळताच चवऱ्याच्या वाळूला राजकीय वजन आले. त्रावणकोरचे दिवाण सर सी. पी. रामस्वामी अय्यर १९४७ मध्ये स्वतंत्र राज्याची भाषा बोलत होते, तेव्हा ही वाळू त्यांच्या हातातले मोठे बळ होते. संस्थान भारतात आले. १९४८ मध्ये अणुऊर्जा कायदा झाला आणि मोनाझाइटची निर्यात केंद्राच्या मुठीत गेली. १९५१ मध्ये दुष्काळामुळे भारत अमेरिकेकडे धान्य मागत असताना तिथल्या काँग्रेसमधल्या काही सदस्यांनी मोबदल्यात मोनाझाइट मागितले. नेहरूंनी ती अट मानली नाही आणि अखेर १९ कोटी डॉलरचे धान्य कर्ज म्हणून आले. उपाशी देशाने घेतलेली ती भूमिका आजही आदर वाटावा अशी आहे. तिच्यामागे स्पष्ट विचार होता: कच्ची वाळू द्यायची नाही, तिच्यावरचे रसायन इथे करायचे. त्यासाठी आधीच, १८ ऑगस्ट १९५० रोजी, इंडियन रेअर अर्थ्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली होती. फ्रेंच कंपनीच्या तंत्रज्ञानाने पेरियार नदीकाठी आलुवा इथे कारखाना उभा राहिला आणि डिसेंबर १९५२ मध्ये नेहरूंनी त्याचे उद्घाटन केले. थोरियमवरच्या पुढच्या प्रक्रियेसाठी १९५५ मध्ये मुंबईत तुर्भ्याला संयंत्र सुरू झाले. तिथले थोरियम नायट्रेट देशातल्या जाळी बनवणाऱ्यांकडेही जाई, म्हणजे पेट्रोमॅक्सचे वर्तुळ मुंबईत येऊन पुरे झाले.

आलुव्याचे काम समजून घेण्यासारखे आहे. किनाऱ्यावर वाळू आधी पाण्याच्या वळणदार पन्हाळीतून सोडतात, त्यात जड दाणे आत आणि हलके बाहेर जातात. मग चुंबक आणि उच्च दाबाची वीज यांची पाळी येते. इल्मेनाइट चुंबकाकडे लगेच धावते, रूटाइलमधून वीज वाहते, झिरकॉनला दोन्हीचे सोयरसुतक नाही, आणि मोनाझाइट चुंबकाकडे किंचित झुकते पण वीज वाहू देत नाही. या स्वभावभेदांवर एकेक दाणा वेगळा काढतात. पुढे मोनाझाइट दळून कॉस्टिक सोड्यात उकळतात. त्यातला फॉस्फेट भाग ट्रायसोडियम फॉस्फेट म्हणून विकला जातो, दुर्मीळ मृदा मिश्र क्लोराइडच्या रूपात निघतात आणि थोरियम हायड्रॉक्साइडचा साका उरतो. तो कोठारांत जपून ठेवला जातो. हे सारे १९५२ मध्ये भारतात होत होते, तेव्हा चीनमध्ये हा उद्योग जेमतेम विचारात होता. पण या साखळीचे गिऱ्हाईक होते अणुऊर्जा खाते. होमी भाभांच्या त्रिस्तरीय अणुऊर्जा योजनेत थोरियम अखेरच्या टप्प्याला लागणार होते, म्हणून ते साठवायचे. दुर्मीळ मृदा हे त्या कामाचे उपउत्पादन. मिश्र क्लोराइड परदेशी विकले की हिशेब मिटला. आउअरने उरलेल्या सेरियमसाठी नवी वस्तू शोधली होती, इथे उरलेल्या मालासाठी नवा परदेशी खरेदीदार शोधला गेला.

इतरत्र काय घडले ते पाहिले की हा फरक ठसठशीत होतो. कॅलिफोर्नियातली माउंटन पास ही खाण १९४९ मध्ये युरेनियम शोधणाऱ्यांना सापडली. तिला खरे दिवस आले ते १९६० च्या दशकात, रंगीत टीव्हीच्या लाल रंगासाठी युरोपियम लागू लागल्यावर. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा यांनी आणि अमेरिकेत जनरल मोटर्सने निओडिमियम-लोह-बोरॉनचे चुंबक जवळपास एकाच वेळी शोधले आणि सगळी गणिते बदलली. लहान आकारात प्रचंड ओढ असलेले हे चुंबक पुढे संगणकाच्या हार्ड डिस्कपासून विद्युत गाडीच्या मोटारीपर्यंत पोहोचले. चीनने ही संधी दोन्ही टोकांनी पकडली. पेकिंग विद्यापीठाच्या शू ग्वांगशियान यांनी १९७० च्या दशकात द्रावणांच्या टप्प्याटप्प्याच्या निष्कर्षणाचे गणित बसवले. त्यामुळे शेकडो टाक्यांच्या रांगेत ही भावंडे स्वस्तात वेगळी होऊ लागली. आणि त्या निओडिमियमसाठी चीनने घरातच चुंबकाचे कारखाने वाढवले. जनरल मोटर्सने उभारलेली मॅग्नेक्वेंच ही कंपनी १९९५ मध्ये चिनी भागीदारी असलेल्या गटाला विकली गेली आणि काही वर्षांत तिची इंडियानातली यंत्रे थांबली. माउंटन पासचे उत्पादन २००२ मध्ये बंद पडले. आलुव्यात मोनाझाइटवरची प्रक्रिया २००४ मध्ये थांबली.

इथे पहिला आक्षेप येतो: हे चिनी स्वस्ताईचे काम, त्यात भारताचा काय दोष? स्वस्ताई खरी होती. तिच्यापुढे अमेरिकन खाणही टिकली नाही. पण जपानकडे पाहा. जपानकडे खाण नव्हती, तरी चुंबकाचे कारखाने आणि त्यांचे मोटारवाले गिऱ्हाईक त्याने टिकवले. २०१० मध्ये सेंकाकू बेटांच्या वादात चिनी पुरवठा अडला, तेव्हा जपानी व्यापारी संस्था आणि सरकार यांनी ऑस्ट्रेलियाच्या लायनस कंपनीला पैसा पुरवला आणि माउंट वेल्डची खाण व मलेशियातला तिचा कारखाना त्या बळावर उभा राहिला. भारताच्या मिश्र क्लोराइडसाठीही विशाखापट्टणमला एक जपानी कंपनीच आली. गिऱ्हाईक असले तर त्याला खाण सापडते. नुसती खाण असली तर ती वाट पाहत राहते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मोनाझाइटला अणुखनिज ठरवून सरकारने ते खाजगी उद्योगापासून दूर ठेवले आणि तिथेच धंदा गुदमरला, असे अनेकजण म्हणतात. गुप्ततेची सवय आणि एकाच सरकारी कंपनीवरचा भार यांनी वेग मंदावला हे मान्य करायलाच हवे. परंतु थोरियमची अडचण कायद्याने निर्माण केलेली नाही, ती दाण्यातच आहे. भारतीय मोनाझाइटमध्ये सुमारे ८ ते ९ टक्के थोरियम ऑक्साइड असते. फ्रान्समध्ये ला रोशेलचा कारखाना अनेक वर्षे मोनाझाइट वापरत होता. किरणोत्सारी अवशेषांचे करायचे काय, या प्रश्नापुढे त्याने १९९० च्या दशकात ते सोडून दिले. मलेशियातल्या बुकिट मेराहचा कारखाना याच कारणावरून लोकांच्या रोषाने बंद झाला. थोरियमला जागा आणि भविष्य देणारे खाते ज्या देशात आधीच होते, त्याला ही अडचण इतरांपेक्षा हलकी असायला हवी होती. म्हणून मला अणुखात्याचा ताबा हे मूळ कारण वाटत नाही. त्या खात्याने पहिला अर्धा रस्ता बांधला, पण पुढच्या अर्ध्यासाठी ना उद्योग खाते पुढे आले ना मोटारी बनवणारे.

तिसऱ्या आक्षेपाला मात्र माझ्याकडे सोपे उत्तर नाही. चवऱ्याशेजारचे आलप्पाड हे गाव समुद्र आणि कालवा यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर आहे, आणि वाळूउपशाने ती पट्टी खचते आहे असे तिथले मच्छीमार वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. या किनाऱ्यावर नैसर्गिक किरणोत्सार जास्त आहे. याच भागातल्या करुनागप्पळ्ळीच्या दीर्घ अभ्यासात त्यामुळे कर्करोग वाढल्याचे दिसले नाही, ही दिलासा देणारी गोष्ट. पण जमीन जाण्याची भीती किरणोत्साराच्या आकड्यांनी मिटत नाही. शिवाय साखळी अपुरी राहिली की किनाऱ्याचा सौदा अधिकच वाईट होतो: वाळू जाते, अवशेष इथे राहतात आणि किंमत दुसरीकडे वाढते. आलप्पाडच्या माणसाला उत्तर द्यायचे तर आधी एवढे तरी दाखवता आले पाहिजे की त्याच्या किनाऱ्यातून निघालेल्या मालाचे मोल या देशात उभे राहिले.

एप्रिल २०२५ मध्ये चीनने समॅरियम, डिस्प्रोसियम, टर्बियमसह सात मूलद्रव्यांवर निर्यात परवान्याची अट घातली आणि त्याच उन्हाळ्यात पुण्याच्या परिसरातल्या विद्युत दुचाकींच्या उत्पादनाला चुंबकांअभावी खीळ बसली. शेवटी गिऱ्हाईक दारात आले, तेही अडचणीत सापडून. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली: वर्षाला ६,००० टन चुंबक देशात बनवायचे. विशाखापट्टणमला समॅरियम-कोबाल्ट चुंबकांचे छोटे संयंत्र आधीच आहे, तंत्र भाभा अणुसंशोधन केंद्र आणि हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेचे. पण सहा हजार टनांचा ढोबळ हिशेब मांडून पाहावा. चुंबकात सुमारे ३० टक्के दुर्मीळ मृदा धरल्या तर वर्षाला १,८०० टन निओडिमियम-प्रेझोडिमियम लागेल. ही जोडी भारतीय मोनाझाइटमधल्या दुर्मीळ मृदांत जेमतेम चौथा हिस्सा असते, म्हणजे पंधरा हजार टनांच्या आसपास मोनाझाइट फोडावे लागेल. ओडिशातल्या छत्रपूरच्या संयंत्राची आखलेली क्षमता १०,००० टन आहे. या पंधरा हजार टनांतून हजाराहून अधिक टन थोरियम ऑक्साइड निघेल, ते कोठारात जाईल. डिस्प्रोसियम जवळजवळ मिळणार नाही, ते बाहेरून आणावे लागेल. आणि त्याच टाक्यांतून दरवर्षी सहा हजार टनांच्या घरात सेरियम आणि लँथॅनम बाहेर पडेल. काच घासणारे, तेलशुद्धीकरणाचे उत्प्रेरक बनवणारे अशी त्यांची काही गिऱ्हाइके आहेत, पण आउअरच्या लायटरच्या दगडासारखे या सहा हजार टनांना पुरून उरणारे काम अजून कोणी मांडलेले नाही.